नेदर अर्थला तिचा खाना द्या

मंडळी, परवा पुण्याहून भाच्याचा फोन आला आणि त्याने मला कॉम्प्युटर गेम्सचा इतिहास शिकवला. "मामा, रिअल टाइम स्ट्रॅटेजी सुरू झाली ती ड्यून टू पासून, १९९२ साली." मी नेदर अर्थचं नाव काढलं, तर म्हणे, "ती ॲक्शन-स्ट्रॅटेजी, तिचा खाना वेगळा." तेव्हापासून डोकं ठणकतंय, म्हणून हा लेखनप्रपंच.

१९८८ साली मी कुवेतमध्ये, सालमियात, नवाच होतो. शुक्रवारी सुट्टी, पण उन्हाळ्यात बाहेर पडायची सोय नाही. खालच्या मजल्यावरच्या कुवेती मुलांकडे 'सख्र' होता, अल-अलामिया या तिथल्याच कंपनीचा, अरबी अक्षरं येणारा एमएसएक्स संगणक. माझ्याकडे सहकाऱ्याने दिलेला जुना स्पेक्ट्रम. मेमरी ४८ के. टीव्हीला जोडायचा, कॅसेट लावायची आणि चार-पाच मिनिटं तो कर्कश आवाज ऐकत बसायचं. मग यायची १९८७ सालची, आर्गस प्रेसची नेदर अर्थ.

तिच्यात तुम्ही एक छोटं यान उडवता. कारखाने ताब्यात घ्यायचे, त्यांच्या उत्पादनातून रोबोट जुळवायचे. पाय लावायचे की पट्टे? तोफ, क्षेपणास्त्र की फेझर? अणुबॉम्बवर खर्च केला तर दुसऱ्या रोबोटला काय उरणार? मग रोबोटवर उतरून हुकूम द्यायचा: कारखाना घे, शत्रू शोध, इथेच थांब. तो आपल्या अकलेने कामाला लागतो. पलीकडे इन्सिग्नियनही हेच करत असतात, आणि घड्याळ कुणासाठी थांबत नाही.

आता सांगा, यात ॲक्शन किती? माझी कसोटी साधी आहे: माणूस हरतो कशामुळे? बोटं मंद म्हणून हरत असेल तर ॲक्शन, हिशेब चुकला म्हणून हरत असेल तर स्ट्रॅटेजी. मी दर शुक्रवारी हरायचो ते हिशेबात. भाचा म्हणतो, एका वेळी एकाच रोबोटला हुकूम देता येतो. अरे, तेव्हा हाताशी माउस नव्हता! ते यान म्हणजेच तुझा माउस. ड्यून टूने या प्रकाराला पुढच्यांनी गिरवावा असा साचा दिला, हे श्रेय तिचंच. पण साचा देणं वेगळं आणि सुरुवात करणं वेगळं. नेदर अर्थही पहिली नव्हेच. स्पेक्ट्रमवर स्टॉन्कर्स १९८३ सालीच आली होती.

खरी गोम अशी, की आपल्या घरी जे पहिलं आलं ते जगात पहिलं, असं आपण धरून चालतो. आपल्याकडे बहुतेकांच्या घरी पीसी आला, म्हणून इतिहास पीसीपासून. अहो, भारतात डेसिबेल्स कंपनी १९८६ पासून परवान्याने स्पेक्ट्रम प्लस विकत होती. तो कुणाच्या आठवणीत आहे?

२ ऑगस्ट १९९० ला इराकी फौजा आल्या. पुढे अम्मानमार्गे मुंबई गाठली तेव्हा माझ्या हातात एक पिशवी होती. स्पेक्ट्रम आणि कॅसेट सालमियातच राहिले. वस्तू गेली, आठवण राहिली. आता तीही चुकीच्या खान्यात टाकायची, तर मग राहिलं काय?

भाच्याला सांगितलंय, आधी एकदा खेळून हर, मग बोलू.