सायलेन्सरचा सांधा लेपाने बसत नाही

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं आणि माड, पोफळी, आंबे, फणस आडवे करून गेलं. अशा वेळी कोयता-कुऱ्हाड पुरत नाही. वाट मोकळी करायला पेट्रोलवर चालणारी चेनसॉच लागते. दिवसभर राबवलं की हे यंत्र जिथे कुरकुरू लागतं, त्यातली एक जागा म्हणजे सायलेन्सरचा सांधा. सिलिंडरला सायलेन्सर जिथे बोल्टने आवळलेला असतो, तिथून फुसफुस ऐकू येते आणि सिलिंडरच्या फिन्सवर काळा, तेलकट ओघळ उमटतो. मग दुरुस्तीच्या टेबलावर लाल सिलिकॉनची नळी उघडली जाते. सांध्याला कडेने लेप, बोल्टला आणखी दोन पिळे, आणि यंत्र परत कामावर.

ही पद्धत चुकीची आहे. पण ती आली कुठून हे आधी पाहायला हवं, कारण ती वापरणारी माणसं अडाणी नाहीत. स्टिल कंपनीच्या एमएस १७० किंवा एमएस १८० सारख्या चेनसॉचं इंजिन ज्यांनी खोललं आहे, त्यांना ठाऊक असतं की तिथे सिलिंडर आणि क्रँककेसचा खालचा भाग यांच्यामध्ये गॅसकेट नसते. तो सांधा सीलंटवरच बसवलेला असतो. ‘कंपनी स्वतः लावते, मग सायलेन्सरला का नको?’ हा प्रश्न त्यामुळे रास्त आहे. त्याचं उत्तर उष्णतेत आहे. क्रँककेसमधून गार पेट्रोल-तेलाचं मिश्रण जातं. सायलेन्सरच्या सांध्यावरून नुकताच जळलेला वायू जातो, आणि भारी लाकडात यंत्र घातलं की तो ५०० अंशांच्याही पुढे तापतो. लाल सिलिकॉनची नळी फार तर ३४० अंशांच्या आसपासचं आश्वासन देते, तेही थोड्या वेळापुरतं. लेप आधी करपतो, मग त्याचा चुरा होतो. लेपाने व्यापलेली जाडी निघून गेली की तेवढाच बोल्टचा ताण ढिला पडतो.

सायलेन्सरच्या सांध्यातल्या फायबर किंवा ग्रॅफाइटच्या गॅसकेटला सिलिकॉन फासण्यात आणखी एक खोट आहे. गॅसकेट धरून राहते ती दोन पृष्ठभागांच्या घर्षणामुळे. ओला सिलिकॉन तिथे वंगणाचं काम करतो, आणि आवळताना गॅसकेट बाहेर सरकते.

‘मग बोल्टच नीट आवळा’ असं सांगणारे दुसरे. सायलेन्सरची फ्लँज बहुधा पातळ पत्र्याची असते. दोन टोकांचे बोल्ट जोर लावून पिळले की कान वाकतात आणि मधला भाग उलट उचलला जातो. फट बंद करायला लावलेला जोर फटच मोठी करतो. त्यात सिलिंडर ॲल्युमिनियमचा, म्हणजे आटे मऊ. एकदा ते गेले की हेलिकॉइल, म्हणजे तारेचे नवे आटे, बसवण्यावाचून गत्यंतर उरत नाही. बोल्ट ढिले होऊ नयेत म्हणून निळं थ्रेड-लॉक लावणाऱ्यांनीही लक्षात घ्यावं की ते साधारण १५० अंशांपर्यंतच धरतं.

उलट टोकाला एक भीतीही पसरलेली आहे: सायलेन्सर लीक झाला की पिस्टन जाम होतो. ही भीती दुसऱ्या दोषाची आहे. क्रँक सीलमधून किंवा कार्बोरेटरच्या रबरी बूटमधून बाहेरची हवा आत शिरली की मिश्रण पातळ होतं, तेल कमी पोचतं आणि पिस्टन ओरखडतो. सायलेन्सरच्या सांध्यावर जे सुटतं ते जळून झालेलं असतं. या बारीक गळतीमुळे पिस्टन मरत नाही, आणि गिऱ्हाइकाला तसं घाबरवून नवा सिलिंडर-किट विकणं अन्यायाचं आहे.

तरी ही गळती सोडून द्यायची नाही. सायलेन्सरच्या तोंडाशी ठिणग्या अडवणारी जाळी असते. अमेरिकेच्या वनसेवेच्या निकषाप्रमाणे तिचं भोक ०.०२३ इंचांपेक्षा, म्हणजे सुमारे ०.५८ मिलिमीटरपेक्षा मोठं चालत नाही. सांध्यातून निघणारा वायू या जाळीतून जातच नाही. मार्च-एप्रिलमध्ये कोकणातल्या सड्यावर वाळलेलं गवत असताना ही गोष्ट क्षुल्लक राहत नाही. शिवाय तोंडाने पुढे फेकला जाणारा वायू इथे मागे, प्लॅस्टिकच्या कव्हरवर येतो. कव्हर मऊ पडतं, वाकतं. कार्बन मोनॉक्साइड चालवणाऱ्याच्या नाकाजवळ येतो तो वेगळाच.

सांधा बसतो तो दोन सपाट पृष्ठभाग आणि बोल्टचा सारखा ताण यांच्या बळावर. यंत्र पूर्ण गार झाल्यावर पिस्टन वर आणून एक्झॉस्ट पोर्ट झाकावा, म्हणजे खरवडलेला कचरा आत पडत नाही. जुनी गॅसकेट लाकडाच्या किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने काढावी. पोलादी पटाशीचा एक ओरखडा पुढे कायमची वाट होतो. मग सर्वांत मोलाचं काम, आणि तेच बहुतेक जण टाळतात. जाड काचेवर पॉलिश पेपर चिकटवून त्यावर सायलेन्सरची फ्लँज अलगद फिरवायची. घासून चमकतात त्या जागा उंच, काळ्या राहतात त्या खोल. सगळीकडे सारखी चमक येईपर्यंत हात थांबवायचा नाही. फ्लँज फारच वाकलेली असेल तर सायलेन्सर बदलणंच बरं. गॅसकेट नवी, कोरडी आणि एकच घालायची. दोन एकावर एक ठेवल्या की गळायला एक जागा वाढते. बोल्ट आळीपाळीने, थोडे थोडे, त्या मॉडेलच्या पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कवर आवळायचे.

तपासणीतही एक गफलत होते. क्रँककेसची प्रेशर टेस्ट करताना एक्झॉस्टच्या तोंडावर रबर दाबून ते बंद करतात, त्यामुळे ती टेस्ट पास झाली तरी या सांध्याबद्दल काहीच कळत नाही. त्यासाठी गार यंत्रावर सायलेन्सरचं बाहेरचं तोंड बंद करावं, पिस्टन खाली आणून प्लगच्या भोकातून अगदी हलक्या दाबाची हवा द्यावी आणि सांध्यावर साबणाचं पाणी सोडावं. बुडबुडा गळती नेमकी कुठे आहे ते दाखवतो.

एवढं करूनही पहिल्याच दिवशी काम पुरं होत नाही. मिनिटाला १२,००० फेरे म्हणजे दर सेकंदाला २०० धक्के. तापताना ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट पसरतं आणि नवी गॅसकेट थोडी दबते. म्हणून पेट्रोलच्या एक-दोन टाक्या संपल्यावर यंत्र गार होऊ द्यावं आणि बोल्ट पुन्हा त्याच टॉर्कवर तपासावेत. फिन्स आधी पुसून ठेवलेल्या असतील तर दुसऱ्या दिवशी पांढरं फडकं फिरवून पाहता येतं, काळं लागतंय का ते.