महागडा प्रोसेसर घेतला, तरी बास का घुमतो?

होम थिएटरचा प्रोसेसर लाखोंचा, तरी बास घुमतोच. दोष बहुतेकदा खोलीचा असतो. ४० हर्ट्झची ध्वनिलहर साधारण साडेआठ मीटर लांब; १४ फुटी खोलीत ती दोन भिंतींमध्ये अडकते. भिंतीपाशी दणदणाट, मधोमध बसलेल्याला मात्र तोच सूर जेमतेम ऐकू येतो. (सोफा दोन फूट सरकवून बघा, फुकट आहे.)

नेहमीचं रूम करेक्शन फुगलेला आवाज कापतं, पण हा खड्डा भरत नाही. आवाज वाढवला की त्याला मारणारी, भिंतीवरून परतलेली लहरही वाढते. स्वीडनच्या डिराकचं ‘अ‍ॅक्टिव्ह रूम ट्रीटमेंट’ इतर स्पीकरमधून उलटी लहर सोडून ती शमवतं. २०२३ मध्ये ते स्टॉर्मऑडिओच्या महागड्या प्रोसेसरवर आलं. २०२५ मध्ये डेनॉन-मरँट्झच्या काही मॉडेलवर, वेगळे पैसे मोजून. मग लाखो रुपये नेमके कशाचे, हा प्रश्न आता दुकानात विचारायलाच हवा.