वांद्र्यात तीन वर्षं राहूनही इंग्रजी तोंडात का येत नाही? पोरांनीच शोधली वाट

बारावी झाली की तालुक्यातली काही मुलं-मुली मुंबई गाठतात. वांद्र्यात नॅशनल, रिझवी, सेंट अँड्र्यूज अशी कॉलेजं आहेत, पूर्वेला चेतना आहे. घरच्यांना वाटतं, मुंबईला गेलं की इंग्रजी आपोआप येईल. तसं होत नाही. स्टेशनबाहेरचा रिक्षावाला हिंदीत बोलतो, हिल रोडवरचा फेरीवालाही हिंदीत, आणि रूमवर तर मराठीच. इंग्रजीचं एक पूर्ण वाक्य न बोलता वांद्र्यात अख्खी पदवी पदरात पडते.

खरी गाठ पडते शेवटच्या वर्षी. स्टेशनच्या पूर्वेकडून शेअर रिक्षा पकडली की वांद्रे-कुर्ला संकुल, म्हणजे बँका आणि मोठ्या कंपन्यांची ऑफिसं. तिथे मुलाखतीत पहिला प्रश्न येतो, 'स्वतःबद्दल सांगा', तोही इंग्रजीत. लिहायला सांगितलं तर पान भरेल, पण तोंड उघडत नाही.

राज्यात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे आज कॉलेजात असलेल्या पोरांनी ते बारा वर्षं शिकलेलं आहे. मग अडतं कुठे? कॅनडात हाच प्रश्न आला होता. इंग्रजी घरांतली मुलं तिथे फ्रेंच माध्यमात शिकत. वर्षानुवर्षं शिकून त्यांना ऐकलेलं जवळपास फ्रेंच मुलांइतकंच कळायचं, बोलताना मात्र ती मागे पडायची. मेरिल स्वेन या अभ्यासक बाईंनी १९८५ मध्ये त्यावर बोट ठेवलं: नुसतं ऐकून-वाचून भागत नाही, बोलायची वेळ यावी लागते. आपल्या वर्गात साठ-सत्तर पोरं आणि एक तास. एकेकाच्या वाट्याला मिनिटभर तरी येणार का?

म्हणून जी मुलं पुढे सरकतात, ती बोलायची वेळ स्वतःच काढतात. सगळ्यात कामाचा असतो जोडीदार, आपल्यासारखाच अडखळणारा. कार्टर रोडला समुद्राकडेनं चालत अर्धा तास फक्त इंग्रजीत बोलायचं, चूक झाली तरी थांबायचं नाही. अडखळणारा अडखळणाऱ्याला हसत नाही, हा त्यातला मोठा फायदा.

दुसरं हत्यार मोबाईल. रोज एक विषय घेऊन दोन मिनिटं बोलायचं, रेकॉर्ड करायचं आणि मग ऐकायचं. स्वतःचा आवाज ऐकायला लाज वाटते, पण चूक कानाला तिथेच सापडते. 'मी दोन वर्षांपासून इथे राहतोय' हे आपण मराठीच्या चालीनं 'आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स टू इयर्स' असं म्हणून मोकळे होतो. बरोबर वाक्य आहे 'आय हॅव बीन लिव्हिंग हिअर फॉर टू इयर्स'. अशी आठ-दहा वाक्यं वहीत लिहून त्यांच्यावरच आठवडा काढला, तर शंभर नवे शब्द पाठ करण्यापेक्षा जास्त हाती लागतं. बीबीसीचे इंग्रजी शिकवणारे कार्यक्रम फुकट ऐकता येतात. एक वाक्य ऐकायचं, थांबवायचं, तसंच म्हणायचं. आता एआयच्या ॲपशीही तोंडी बोलता येतं. सराव म्हणून ते ठीक आहे, पण ॲप कंटाळत नाही, मध्येच तोडत नाही. मुलाखत घेणारा साहेब दोन्ही करतो.

राहिला प्रश्न क्लासचा. 'तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी'च्या जाहिराती सगळीकडे असतात. फी भरण्याआधी एकच विचारावं: एका तासात माझं पोरगं स्वतः किती मिनिटं बोलणार? मास्तरच तासभर बोलत असेल, तर तो शाळेचाच तास झाला, फक्त पैसे देऊन.

आणि एक अडचण वांद्र्यात नाही, गावात आहे. दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरं घरी येतात आणि सराव तुटतो. मुलगा ओट्यावर बसून मोबाईलवर इंग्रजीत बोलला तर 'आला मोठा साहेब' म्हणून टोमणा. मुलगी बोलली तर आधी विचारलं जातं, फोनवर कोण आहे? जोडीदारीण असते दुसऱ्या तालुक्यातली, तीही आपल्या घरी अशीच दबक्या आवाजात बोलत असते. मग दोघी ठरवतात, आता कॉलेज सुरू झाल्यावरच बोलू. सुट्टी महिन्याभराची असते, आणि परत गेल्यावर पहिले काही दिवस जुनं वळण यायलाच जातात.