खिळा कुठे ठोकायचा?

फ्रीजला वाय-फाय आहे म्हणून जास्तीचे पैसे मोजणारा माझा भाचा या सदराच्या वाचकांना आठवत असेल. त्याने आता कोथरूडला जुन्या सोसायटीत रीसेलचा फ्लॅट घेतलाय. जागा ऐसपैस, वारा भरपूर, लिफ्ट नाही. पण भाचेसुनेच्या डोळ्यांत खुपल्या त्या भिंतींवरून फिरणाऱ्या पांढऱ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या. केसिंग-कॅपिंग. "मामा, हे आधी काढायचं. घर घेतलंय की बँकेची शाखा?"

काढायचं म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. कटरने भिंतीला झिरी मारायची, त्यात पीव्हीसीचा पाइप बसवायचा, वायरी ओढायच्या, वरून प्लास्टर, पुट्टी, रंग. दिव्यांना दीड चौरस मिलिमीटरची वायर, मोठ्या प्लगला अडीचची, गीझर-एसीला चारची. बीम आणि कॉलमला कटर लावायचा नाही. आणि एवढं सगळं करताय, तर 30 मिलिअँपिअरचं आरसीसीबी बसवून घ्या आणि अर्थिंग तपासा. संपलं.

माझा मुद्दा वेगळाच आहे. हल्ली लोकांना घरातलं सगळं लपवायचं असतं. सिलिंडर लपवायचा, चपला लपवायच्या, वॉशिंग मशीनला दार लावायचं. आमच्या लहानपणी सागवानी पट्टीवर पत्र्याच्या क्लिपांत धरलेल्या वायरी छतापर्यंत उघड्यावर जायच्या. दर दिवाळीला त्यांच्यावरही डिस्टेंपरचा हात फिरायचा. काळं बटण खट्‌कन वाजायचं. ती वायरिंग आज कोणी वापरू नये, पण दिवा लागला नाही तर कुठली वायर कुठे जाते हे घरातल्या शेंबड्या पोरालाही सांगता यायचं.

भाच्याकडे मात्र आठवडाभर रणधुमाळी. वायरमन म्हणतो झिरी बुजवणं गवंड्याचं काम, गवंडी म्हणतो ज्याने फोडलं त्याने बुजवावं. सोसायटीचा नियम असा की दुपारी एक ते चार कटर बंद. खालच्या मजल्यावरचे काका पाऊणलाच जिन्यात येऊन घड्याळाकडे बघत उभे. पुण्यात झोप येण्याआधी तिची तयारी करावी लागते.

शेवटी भिंती गुळगुळीत झाल्या आणि खरं भांडण सुरू झालं. ताई, म्हणजे भाच्याची आई, कालनिर्णय आणि खिळा घेऊन स्वयंपाकघरात उभी राहिली. ते 1973 साली सुरू झालं आणि ताईच्या मते त्याची जागा तेव्हापासून ठरलेली आहे: ओट्याजवळ, बटणांच्या वर. गॅस कधी लावला, दूध कधी आलं नाही, बाईंनी कधी दांडी मारली, सगळा जमाखर्च त्यावर.

"आई, तिथे खिळा नको. आत वायरी आहेत."

"मग कुठे ठोकू?"

यावर भाचा गप्प. कारण वायरी कुठून नेल्यात, हे फक्त वायरमनला माहीत आणि तो दुसऱ्या साइटवर, फोन बंद. सून म्हणाली, "तारखा मोबाइलमध्ये बघायच्या." ताई म्हणाली, "चतुर्थी विचारायला मी मोबाइल शोधत बसू? आणि दुधाचा खाडा त्यात कोण लिहून देणार?" मला ताईचं पटलं. घरात कालनिर्णय टांगता येत नसेल तर त्या भिंतीचं करायचं काय? तूर्त ते फ्रीजला टांगलंय. तारखा सांगण्याचं काम त्या फ्रीजला करता येतं म्हणे, पण ताईने अजून त्याला विचारलेलं नाही.

तुमच्याकडे असंच काम निघालं असेल तर प्लास्टर चढायच्या आधी प्रत्येक भिंतीचे फोटो काढा. झिरीला मोजपट्टी लावून काढा, जमिनीपासून किती, कोपऱ्यापासून किती ते दिसलं पाहिजे. आणि फोटो असोत वा नसोत, स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा सरळ खाली खिळा ठोकू नका. वायर बहुधा तिथूनच जाते.