कोळंबीचा पुलाव आणि दोन बरोबर उत्तरे



मी मूळचा रत्नागिरीचा, कोकणी मुसलमान. गेली आठ वर्षे फ्रँकफुर्टजवळ सॉफ्टवेअरची हमाली करतोय. आज जरा घरचा विषय काढतोय, पण शेवटी तो सगळ्यांचाच आहे असे वाटते.

गेल्या ईदला आम्ही चार-पाच भारतीय कुटुंबे एकत्र जेवलो. बायकोने कोळंबीचा पुलाव नेला होता. उत्तरेकडचे एक भाईजान मुलांना म्हणाले, "हे नका खाऊ, मकरूह आहे." मीही तापलो. "मग आमच्या सात पिढ्या काय चुकीचं खात होत्या?" असे काहीबाही बोलून गेलो. दोन घरांचे बोलणे बंद. परतताना गाडीत नऊ वर्षांच्या मुलाने विचारले, "अब्बा, मग आपण खोटे मुसलमान आहोत का?" त्या प्रश्नाने झोप उडवली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सुन्नी मुसलमानांत फिकहच्या, म्हणजे धर्मशास्त्राच्या, चार परंपरा आहेत: हनफी, मालिकी, शाफई, हंबली. भारतात बहुतेक सुन्नी हनफी. कोकण किनाऱ्यावर आम्ही शाफई, केरळच्या मोपल्यांसारखे. अरबांशी समुद्रमार्गे चाललेल्या व्यापाराचा हा वारसा. शाफईंना समुद्रातले जवळजवळ सगळे चालते. हनफींना फक्त मासा चालतो. खेकडा तर नाहीच, आणि कोळंबी हा मासा आहे की नाही यावर हनफी विद्वानांतच दोन मते आहेत! म्हणजे भाईजान बरोबर होते आणि बायकोचा पुलावही बरोबर होता. चुकलो ते आम्ही दोघे, कारण आपले उत्तर तेवढे एकमेव असे धरून बसलो.

दुसरे उदाहरण घ्या. दुपारनंतरच्या असरच्या नमाजची वेळ शाफईंमध्ये वस्तूची सावली (मध्यान्हीची सोडून) तिच्या उंचीइतकी झाली की सुरू होते. इमाम अबू हनीफांचे प्रसिद्ध मत दुप्पट सावलीचे. पण त्यांचेच दोन पट्टशिष्य, अबू युसूफ आणि मुहम्मद, एकपटीवर ठाम राहिले. भारत-पाकिस्तानातले हनफी गुरूंचे मत पाळतात आणि इथल्या तुर्की मशिदी, हनफी असूनही, शिष्यांचे. गुरूशी मतभेद झाला म्हणून त्या शिष्यांना कोणी परंपरेबाहेर काढले नाही.

जर्मनीत तर याशिवाय गत्यंतरच नाही. जूनमध्ये फ्रँकफुर्टला रात्री संधिप्रकाश पूर्ण मावळतच नाही. मग रात्रीच्या इशाची वेळ कोणती? कोणी रात्रीचे भाग पाडून काढतो, कोणी सूर्य क्षितिजाखाली किती अंश गेला ते धरतो. उन्हाळ्यात मगरिब आणि इशा एकत्र पढायला काही विद्वान परवानगी देतात. हनफींमध्ये ही सवलत हजपुरतीच. ईदचेही तसेच. तुर्की मशिदी गणिताने तारीख आधीच ठरवतात, त्यामुळे ऑफिसात रजा मागणे सोपे जाते. दुसरे काही चंद्र दिसायची वाट बघतात. दोघेही अभ्यास करूनच त्या मतावर आलेत.

आपल्याकडे तरी वेगळे काय आहे? कालनिर्णयवर स्मार्त आणि भागवत एकादशी वेगवेगळ्या दिवशी छापलेल्या असतात. टिळक पंचांग पाळणाऱ्या कोकणातल्या काही घरांत अधिक मासाच्या काही वर्षी गणपती महिनाभर आधी बसतो. आमच्या आळीत त्यावरून कोणी कोणाला बुडवा म्हटलेले मला आठवत नाही. दोन्ही घरचे मोदक आम्हीच खायचो!

उलटे घडले की काय होते तेही इतिहासात आहे. मक्केत काबाच्या अंगणात कित्येक शतके चार परंपरांचे चार इमाम वेगवेगळ्या जागी उभे राहत आणि एकाच नमाजच्या वेगवेगळ्या जमाती होत. 1924 मध्ये मक्का सौदींच्या ताब्यात आल्यानंतर ती पद्धत बंद झाली. याउलट इमाम शाफईंची गोष्ट सांगतात. बगदादला अबू हनीफांच्या कबरीजवळ फजरची नमाज पढताना त्यांनी स्वतःच्या मताप्रमाणे असलेली कुनूतची दुआ सोडली, का तर त्या थोर माणसाचा मान राखावा म्हणून. स्वतःचे मत सोडले नाही, पण तिथे त्याचा हट्टही धरला नाही.

याचा अर्थ काहीही चालते असा नाही हं. पाच नमाज आणि रमजानचे रोजे यावर या चौघांत वाद नाही. इंटरनेटवर दोन ओळी वाचून फतवा देणे म्हणजे मत नव्हे. आणि जिथे जे सोयीचे ते उचलणे हाही अप्रामाणिकपणाच. मी शाफईच राहणार. फक्त ज्याच्या मतामागे अभ्यास आहे, त्याच्या मागे उभे राहून नमाज पढताना मनात किंतु ठेवणार नाही.

मागच्या रविवारी भाईजानना फोन केला. आधी मीच माफी मागितली. ते म्हणाले, "मुलांसमोर बोलायला नको होतं मी." पुढच्या ईदला पुलाव पुन्हा नेणार, शेजारी चिकन बिर्याणी ठेवून. मुलाला सांगितले, "आपण खोटे नाही. तेही नाहीत." त्याला ते लगेच पटले, वेळ लागला तो मला.

चूभूद्याघ्या. तुमचे काय अनुभव?

लोभ असावा,
फ्रँकफुर्टचा रत्नागिरीकर