जिनाला मुंब्र्यात खोली मिळेल का?

अर्बन फँटसी म्हणजे आजच्या शहरात घडणारी अद्भुतकथा. जी. विलो विल्सन यांची ‘अलिफ द अनसीन’ (२०१२) ही त्यातली मला सर्वांत जवळची. आखातातल्या एका निनावी शहरातला तरुण हॅकर सरकारी पाळतीतून निसटतो आणि जिनांच्या दुनियेत जाऊन पोहोचतो. लेखिका स्वतः मुस्लिम आहे, आणि ते जाणवतं.

चळवळीतले काही मित्र विचारतात, जिन उतरवणाऱ्या बाबांना विरोध करायचा, २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा लोकांना समजावून सांगायचा, आणि वर जिनांच्या कथा वाचायच्या? प्रश्न रास्त आहे. पण बाबा भीती विकतो आणि तिलाच सत्य म्हणतो. कादंबरी पहिल्या पानापासून कबूल करते की हे रचलेलं आहे. हा फरक ज्याला कळला, तो बाबाकडे सहसा जात नाही.

शिवाय व्हॅम्पायर उसना कशाला आणायचा? कुरआनच्या ७२व्या सूरेत काही जिन ईमान आणतात, काही आणत नाहीत. म्हणजे निवड त्यांनाही आहे. कथाकाराला आणखी काय हवं? (आडनाव ऐकून घरमालकाने परत पाठवलेला जिन मला केव्हाचा लिहायचाय.)

उर्दूत ‘तिलिस्म-ए-होशरुबा’ लखनौच्या नवल किशोर प्रेसने १८८३पासून छापली. मराठीत मात्र आमचे मोहल्ले बहुधा दंगल नाहीतर छापा पडला की दिसतात. मुंब्र्याहून शेवटच्या लोकलने घरी परतणारा जिन मी तरी मराठीत अजून वाचलेला नाही. कुणी लिहीत असाल तर पाठवा.