ज्वारी पिकते दारात, शिधापत्रिकेवर मात्र गहू

गरिबाने काय खावे, हे सांगणाऱ्यांची या देशात कधीच वाण नव्हती. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे म्हणून जाहीर केले आणि हे उपदेशक नव्या उत्साहाने पुढे सरसावले. सरकारी मेजवान्यांत ज्वारी-बाजरीची पक्वान्ने मांडली गेली. आपल्याच मातीत पिकलेले सकस अन्न थोडक्या पैशांत रांधावे, असा उपदेश गृहिणीला करण्यात आला. जणू तिच्या अज्ञानामुळेच भाकरी तव्यावरून उतरली होती!

वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. सोलापूर व मराठवाड्यातील कष्टकऱ्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या भाकरीच होती. तिच्या जोडीला तुरीचे वरण, हुलग्याचे माडगे, जवसाची चटणी, अंबाडीची भाजी. रब्बी ज्वारी काळ्या रानात मुरलेल्या ओलीवर येते. माणसाला दाणा आणि जनावराला कडबा देते. ही भाकरी ताटातून काढली ती शासनाच्या धान्यनीतीने. हरितक्रांतीपासून सरकारी कोठारे भरली गेली ती मुख्यतः गहू-तांदळाने. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरडधान्याचा दर किलोला १ रुपया असा स्वच्छ लिहिलेला होता. जानेवारी २०२३ पासून धान्य मोफत झाले. परंतु प्राधान्य कुटुंबाला माणशी जे ५ किलो धान्य मिळते, त्यात मुख्यतः गहू आणि तांदूळच असतात. एखाद्या हंगामात एखाद्या जिल्ह्यात ज्वारी वाटली गेली, तरी तिच्या भरवशावर कोणाचे घर चालत नाही.

दुसरी बाजू शेतकऱ्याची. २०२५-२६ साठी मालदांडी ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३,७४९ रुपये ठरला. पण गावाजवळ खरेदी केंद्र नसेल, तर हा भाव कागदावरच राहतो आणि माल आडत्याच्या दारात पडेल त्या भावाने जातो. तीच ज्वारी शहरातल्या मजुराने किराणा दुकानातून रोख पैसे मोजून घ्यावी आणि फुकटचा गहू नाकारावा, अशी अपेक्षा कोण करू शकेल? मजूर गहू उचलतो तो हिशेबाने. शेतकरी सोयाबीनकडे आणि पाणी मिळेल तेथे उसाकडे वळतो, तोही हिशेबानेच.

या हिशेबाची किंमत देहाला मोजावी लागते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रिया रक्तक्षयाने ग्रस्त आहेत. पाच वर्षांखालील ३५ टक्के बालकांची वाढ खुंटलेली आहे. नुसत्या धान्याने पोट भरते, रक्त भरत नाही. २०२२ च्या दिवाळीत राज्य शासनाने १०० रुपयांत रवा, साखर, तेल आणि हरभराडाळ दिली. म्हणजे डाळ देता येते! मग सणाला डाळ आणि एरवी उपदेश, हा कोणता न्याय?

भरडधान्य टिकत नाही, लोकांनाच गहू आवडतो, अशा सबबी पुढे केल्या जातात. बाजरीचे पीठ लवकर कडवट होते हे खरे. पण शिधा पिठाचा नसून दाण्याचा द्यायचा आहे. जिल्ह्यात घेतलेली ज्वारी जिल्ह्यातच वाटली, तर पंजाबपासूनची वाहतूक वाचेल. शेजारच्या कर्नाटकाने ज्वारी व नाचणी खरेदी करून शिधावाटपातून दिली आहे. आणि ज्याला गहू हवा त्याने तो जरूर घ्यावा; निवड मात्र शिधापत्रिकाधारकाची असावी, गोदामाची नव्हे.

म्हणून मागणी सरळ आहे: हमीभावाने गावाजवळ खरेदी, त्याच जिल्ह्यात वर्षभर वाटप आणि दरमहा डाळ व तेल. १९७२ साली मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या स्त्रिया लाटणी घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर उतरल्या, तेव्हा त्यांनी स्वयंपाकघराचा हिशेब थेट सत्तेपुढे मांडला होता. तो हिशेब अद्याप चुकता झालेला नाही. पाककृतींच्या पुस्तिका वाटून तो चुकता होणारही नाही.